नंदलाल बोस : मुलांच्या पुस्तकातले चित्रकार आणि शांतिनिकेतनचे मास्तर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रकला शिकवते. शाळेच्या वर्गात आणि सुट्टीतल्या शिबिरांत ‘सहज पाठ’ या बंगाली पुस्तकाची पानं मुलांसमोर ठेवायला लागले, तेव्हापासून पालक, डी.एड.चे विद्यार्थी आणि इतर शाळांतले कलाशिक्षक प्रश्न पाठवत आले आहेत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्याला जे हवं ते उत्तर थेट वाचता यावं म्हणून प्रत्येक उत्तर आपापल्या जागी पूर्ण ठेवलं आहे. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नंदलाल बोस कोण, हे चौथीच्या मुलाला चार ओळींत कसं सांगू?

असं सांगा : नंदलाल बोस हे आपल्या देशातले फार मोठे चित्रकार. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२चा, बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या हवेली खडगपूरचा. रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनात त्यांनी आयुष्यभर मुलांना चित्रकला शिकवली. बंगाली मुलं ज्या पुस्तकातून पहिली अक्षरं शिकतात त्यातली चित्रं त्यांची आहेत आणि आपल्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितातली चित्रंही त्यांच्या देखरेखीखाली झाली. १९५४मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १६ एप्रिल १९६६ रोजी ते गेले.

चार ओळींच्या सहा झाल्या, पण यातलं काही गाळावंसं वाटत नाही.

२. ‘बोस’ लिहायचं की ‘बसू’? आणि ते नेताजींचे नातेवाईक होते का?

बंगालीत आडनाव ‘बसू’ असं लिहितात. ‘बोस’ हे त्याचं इंग्रजीतून आलेलं रूप. मराठीत दोन्ही चालतात, मी रूढ म्हणून ‘बोस’ लिहिते. त्यांचे विद्यार्थी मात्र त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत. आपण ‘गुरुजी’ म्हणतो त्याच आपुलकीने.

सुभाषचंद्रांशी नातं नाही. आडनाव सारखं, एवढंच. गोंधळ होतो तो हरिपुरा काँग्रेसमुळे, कारण तिथे अध्यक्ष सुभाषबाबू होते आणि चित्रं नंदलालांची होती (पाहा प्रश्न १२).

३. ते शाळेत हुशार होते का? माझा मुलगा अभ्यासात मागे आहे, पण सारखी चित्रं काढतो.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एखाद्या आईने विचारला आहे.

नंदलाल एंट्रन्सची, म्हणजे मॅट्रिकची परीक्षा पास झाले, पण पुढच्या एफ.ए. या कॉलेजच्या परीक्षेत अडकले. मग घरच्यांच्या आग्रहाखातर वाणिज्य शाखेत गेले. तिथेही मन लागलं नाही. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते, म्हणजे घर शिस्तीचं आणि पोरानं नोकरीला लागावं अशी अपेक्षा असणारं. आई क्षेत्रमणीदेवींच्या हातात मात्र कला होती : खेळणी करणं, शिवण-भरतकाम. खडगपूरला लहानपणी नंदलाल कुंभारांच्या, मूर्तिकारांच्या कामापाशी रेंगाळत आणि घरी येऊन तसंच करून बघत. शेवटी १९०५मध्ये, लग्न झालेलं असताना, वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी ते कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोरांकडे दाखल झाले.

यावरून ‘अभ्यास सोडला तरी चालतं’ असं मी कोणालाही सांगत नाही. नंदलाल पुढे आयुष्यभर वाचत, लिहीत आणि टिपणं काढत राहिले. मी एवढंच सांगते : मुलाची वही तपासताना मागच्या पानावरचं चित्रही बघा आणि त्याबद्दल त्याला काहीतरी विचारा.

४. ‘सहज पाठ’ नेमकं काय आहे? आपल्या अंकलिपीसारखंच ना?

कामाने अंकलिपीसारखं, वृत्तीने फार वेगळं.

रवींद्रनाथांनी लहान मुलांसाठी लिहिलेलं हे बंगाली वाचनाचं पहिलं पुस्तक. पहिले दोन भाग १९३०मध्ये निघाले आणि त्यांतली चित्रं नंदलालांची. विश्वभारतीने काढलेलं हे पुस्तक पुढे पश्चिम बंगालच्या प्राथमिक शाळांतही पोहोचलं. बंगालीत शिकलेल्या कोणालाही विचारा, दोन-चार ओळी तोंडपाठ निघतात.

वेगळेपण कशात आहे ते बघा. आपली अंकलिपी ‘अ अननसाचा’ म्हणते. अक्षर एका वस्तूला बांधलेलं असतं. मुलाने अननस पाहिलेला नसला तरी अ अननसाचाच. ‘सहज पाठ’च्या सुरुवातीला अक्षरं स्वतःच माणसांसारखी वागतात. अ-आ म्हणतं ते अजून बोलता न येणारं तान्हं बाळ. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई बसून खीर आणि लाह्या खातात. उ-ऊ कुत्र्यासारखे भुंकतात. ए-ऐ हातात वाटी घेऊन दही मागतात. ओ-औ घरातल्या थोरल्या सुनेला भात आणायला सांगतात आणि क-ख-ग-घ गाणं म्हणत होडी वल्हवत जातात.

आता चित्रकाराच्या जागी उभं राहून विचार करा. अननस काढणं सोपं, समोर ठेवायचा आणि काढायचा. ‘दही मागणारा ऐ’ कसा काढायचा? तिथे वस्तू नसते, प्रसंग असतो. त्यामुळे नंदलालांच्या चित्रांत कोणी तरी नेहमी काही तरी करत असतं. मुलाची नजर अक्षराआधी त्या माणसाकडे जाते आणि त्याच्या मागोमाग अक्षर येतं. माझ्या मते या पुस्तकाचं मोठेपण इथे आहे. कवीने अक्षराला क्रियापद दिलं आणि चित्रकाराने ते क्रियापद काढून दाखवलं.

५. मुलांच्या पुस्तकात काळी चित्रं? रंग परवडत नव्हते म्हणून का?

एकरंगी छपाई स्वस्त पडते, ही गोष्ट खरी. पण ही चित्रं ‘रंगीत चित्राची गरीब आवृत्ती’ नाहीत. ती लिनोकट आहेत आणि काळ्या-पांढऱ्यातच विचार करून कोरलेली आहेत.

लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा वगैरे मिसळून तागाच्या कापडावर थापलेला, जमिनीला घालायचा जाड तक्ता. तो लाकडापेक्षा मऊ असतो आणि त्याला लाकडासारखे तंतू नसतात, म्हणून कोरणी हव्या त्या दिशेला वळते. जिथे कोराल तिथे शाई लागत नाही, तो भाग कागदावर पांढरा राहतो. न कोरलेला भाग काळा उमटतो. म्हणजे पेन्सिलीने आपण पांढऱ्यावर काळं काढतो, इथे काळ्यातून पांढरं बाहेर काढायचं. शिवाय सगळं आरशातल्यासारखं उलट. अक्षर कोरायचं तर उलटं कोरावं लागतं.

या पद्धतीत बारीकसारीक तपशील आपोआप गळतात. बैल काढायचा तर त्याचा बाक, शिंगं आणि मानेवरचा भार, एवढंच राहतं. लहान मूल बैल बघतं तेही असंच, आधी आख्खा आकार आणि मग बाकीचं. म्हणून ही पानं पाच वर्षांच्या मुलालाही ‘वाचता’ येतात.

छापचित्राचं हे वारं शांतिनिकेतनात १९२०च्या दशकात आलं. आंद्रे कारपेलेस या फ्रेंच चित्रकर्तीने तिथे येऊन वुडकटचं, म्हणजे लाकडात कोरून छापण्याचं तंत्र शिकवलं. १९२४मध्ये नंदलाल रवींद्रनाथांबरोबर चीन आणि जपानला गेले आणि तिथली छापचित्रं, शाईचं काम जवळून पाहून आले.

एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. हातात काठी घेऊन चालत निघालेल्या गांधीजींचं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. तेही नंदलालांचंच लिनोकट आणि तेही १९३०चंच, दांडीयात्रेवरचं. एकाच वर्षी, एकाच तंत्राने त्यांनी देशाला गांधीजी दिले आणि बालवाडीच्या मुलाला अ-आ. दोन्हींत हात सारखाच आहे. मुलांसाठी म्हणून रेषेत कुठे ढिलाई नाही, गांधीजींसाठी म्हणून कुठे दिखावा नाही.

६. वर्गात लिनोकट करून घेता येईल का? धोका किती?

पाचवीच्या पुढच्या मुलांकडून, लहान गट करून आणि तुम्ही स्वतः जवळ उभं राहून, जरूर करून घ्या. कोरणी धारदार असते. दोन नियम मोडायचे नाहीत : कोरणी नेहमी स्वतःपासून लांब जाणारी आणि तक्ता धरणारा हात नेहमी कोरणीच्या मागे. तक्ता थोडा वेळ उन्हात ठेवलात तर मऊ होतो आणि हात घसरण्याची भीती कमी होते.

छापखान्याचं यंत्र लागत नाही. छपाईची शाई रोलरने पसरा, कागद ठेवा आणि लाकडी चमच्याच्या पाठीने गोल गोल घासा. छान ठसा येतो.

त्याहून लहान मुलांना भेंडी, बटाटा किंवा खोडरबर द्या. ठसेकाम आपल्या शाळांना नवीन नाही. फक्त रंगीबेरंगी ठशांबरोबर एक ठसा निव्वळ काळ्या रंगाचा काढायला लावा आणि ‘पांढरं कुठे राहिलं?’ असं विचारा. अक्षर उलटं कोरावं लागतं हे मुलांना सांगून कळत नाही. पहिला ठसा उलटा उमटला की एका क्षणात कळतं.

७. मुलांसाठी त्यांनी आणखी कोणती पुस्तकं केली? नेहमी मजकूर आधी आणि चित्र नंतर असंच असायचं का?

‘सहज पाठ’मध्ये अक्षरं आणि ओळी हा कणा होता. उलटं उदाहरण म्हणजे १९३७चं ‘छडार छबी’, म्हणजे बडबडगीतांची चित्रं. तिथे नंदलालांची रेखाटनं समोर ठेवून रवींद्रनाथांनी कविता लिहिल्या, त्यातल्या बऱ्याचशा त्या उन्हाळ्यात अल्मोड्याला. कवी ७६ वर्षांचा, जगभर नाव झालेलं आणि तो चित्रकाराच्या रेघांवरून मुलांसाठी गाणी रचतो आहे. लेखक आणि चित्रकार यांच्यात मोठं कोण, असा वाद घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे पुस्तक दाखवते.

त्याआधी, १९१३मध्ये, रवींद्रनाथांच्या मुलांविषयीच्या कवितांचं ‘द क्रेसेंट मून’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. त्यातल्या आठ रंगीत चित्रांत अवनींद्रनाथ, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ गांगुली यांच्याबरोबर नंदलालही होते. त्याच वर्षी भगिनी निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांच्या पुराणकथांच्या पुस्तकासाठीही त्यांनी चित्रं केली. ही सुरुवातीची चित्रं पातळ, धूसर रंगांची आहेत. ती आणि ‘सहज पाठ’ शेजारी ठेवलीत तर सतरा वर्षांत चित्रकार किती मोकळा झाला ते दिसतं.

८. अजिंठ्याशी त्यांचा काय संबंध? आमच्या सहलीच्या वेळी गाईडने नाव घेतलं होतं.

संबंध खरा आहे आणि खोल आहे. १९०९-१०च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होत्या. भगिनी निवेदितांनी आग्रह धरून नंदलाल आणि इतर तरुण चित्रकारांना त्यांच्या मदतीला धाडलं. त्या नकला १९१५मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या.

त्या वेळी नंदलाल सत्तावीस वर्षांचे होते. अंधाऱ्या लेण्यात दिवसच्या दिवस एकाच भिंतीसमोर बसून एकेक रेघ उतरवायची, हे त्यांचं खरं शिक्षण, असं मला वाटतं. अजिंठ्यात गर्दी आहे, पण प्रत्येक माणूस शेजारच्याकडे वळलेला आहे. कोणी कोणाशी बोलतंय, कोणी ऐकतंय, कोणी मागून डोकावतंय. रेषेने एकेका माणसाला वेगळं काढायचं आणि तरी घोळक्यात ठेवायचं, हे तिथे दिसतं. नंदलालांनी पुढे हत्तीएवढ्या भिंती रंगवल्या आणि तळहाताएवढी पोस्टकार्डंही. दोन्हीकडे हे जाणवतं. १९२१मध्ये ते ग्वाल्हेर संस्थानातल्या बाघ लेण्यांच्या नकला करायलाही गेले.

छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला राहणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सहलीत मुलांना एका लेण्यात निदान अर्धा तास बसवा. सगळी लेणी ‘करून’ यायची घाई नको. तिथे चित्र काढायला लावायचीही गरज नाही. बसून बघू द्या, परतल्यावर आठवेल ते काढू द्या.

९. ते शिकवायचे कसे? त्यांची काही ‘पद्धत’ होती का?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, कारण माझ्या मते नंदलालांची सगळ्यात मोठी कृती म्हणजे शांतिनिकेतनातल्या कलाशाळेचं, कलाभवनचं वातावरण. १९१९मध्ये कलाभवन सुरू झालं, १९२२पासून १९५१पर्यंत नंदलाल त्याचे प्रमुख होते. जवळजवळ तीस वर्षं!

पहिली गोष्ट, वर्गाबाहेर. ठरीव अभ्यासक्रमाची चौकट सुरुवातीच्या कलाभवनात नव्हती. कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या कलाशाळेत प्लास्टरच्या पुतळ्यांसमोर बसून छायाप्रकाश गिरवत. इथे मुलं संथाळांच्या वाड्यांकडे, कोपाई नदीकडे, ताडांच्या रांगांकडे जात. बघायचं, पुष्कळ बघायचं आणि मग बहुतेक वेळा आठवणीतून काढायचं. समोर बघून काढलं की डोळा सगळं गोळा करतो. आठवून काढलं की मनात जे राहिलं तेवढंच कागदावर येतं.

सत्यजित राय १९४० ते १९४२ कलाभवनात शिकत होते. त्यांनी सांगितलेली एक आठवण माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहिलेली आहे : झाड काढताना रेघ वरून खाली ओढू नये, खालून वर न्यावी, कारण झाड तसंच वाढतं. हे करून बघा. खालून वर नेलेल्या रेघेत जोर येतो, बुंध्याशी जाड आणि शेंड्याकडे निमुळती होत जाते. सल्ला हाताचा आहे, पण त्यासाठी आधी झाड समजून घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट, खिशातली कार्डं. नंदलाल कोरी कार्डं जवळ बाळगत आणि जाता-येता दिसेल ते काढत : बकरी, गाडी, पावसात धावणारं पोर. ही कार्डं ते विद्यार्थ्यांना, मुलांना, मित्रांना पाठवत. पत्राऐवजी चित्र. कलाशिक्षक स्वतः रोज काढतो आहे, हे मुलांना दिसणं म्हणजे अर्धं शिक्षण.

तिसरी, कारागिरी आणि कला यांत भिंत नाही. गावाकडून आलेल्या सुकुमारीदेवी तिथे अल्पना शिकवत. अल्पना म्हणजे तांदळाच्या पिठाने जमिनीवर काढायची नक्षी, आपल्या रांगोळीची बहीणच. नंदलालांच्या मुली गौरी भंज आणि जमुना सेन यांनी ती आणि बाटिकसारखी कामं पुढे नेली. सणावाराची सजावट, नाटकाचा रंगमंच, पुस्तकाचं मुखपृष्ठ, भिंत हे सगळं एकाच वर्गाचं काम होतं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. विद्यार्थी आपल्यासारखा व्हावा असा हट्ट नाही. रामकिंकर बैज बांकुऱ्याहून १९२५मध्ये आले. त्यांचं काम बघून नंदलाल म्हणाले की तुला तर सगळं येतंच आहे, इथे कशाला आलास? आणि मग, बरं, राहा दोन-तीन वर्षं. रामकिंकर जन्मभर तिथे राहिले. त्यांनी तैलरंग वापरले, सिमेंट-खडीची प्रचंड शिल्पं केली. यातलं बरंच मास्टरमोशायांच्या वाटेवरचं नव्हतं, तरी वाट अडवली नाही. बिनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी लहानपणापासून अधू. त्यांना चित्रकलेला घ्यावं की नाही याबद्दल नंदलाल साशंक होते, पण मुलाला आवड आहे तर शिकू दे, असं रवींद्रनाथांनी म्हटलं आणि त्यांनी घेतलं. पुढे बिनोदबिहारींनी शांतिनिकेतनात हिंदी भवनच्या भिंतींवर संतांचं जे मोठं चित्र केलं त्याला तोड नाही. शिक्षकाने आपली शंका बाजूला ठेवल्यामुळे काय होऊ शकतं, ते त्या भिंतीवर आहे.

१०. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत याचा काही उपयोग आहे का? वेळ कुठे असतो!

स्मरणचित्राला थेट उपयोग आहे. बहुतेक मुलं ‘बाजार’, ‘बसस्टॉप’, ‘पाऊस’ अशी तयार चित्रं पाठ करून जातात आणि सगळ्यांची बाजारातली बाई सारखीच बसलेली दिसते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा मुलांना नुसतं बघायला पाठवा. भाजीवाली तराजू कुठल्या हाताने उचलते, पिशवी धरताना गिऱ्हाईक कुठे वाकतं. दुसऱ्या दिवशी आठवून काढायला सांगा. आठवड्याला एक तास जातो. दोन-तीन महिन्यांत माणसांच्या हालचाली खऱ्या वाटू लागतात.

भूमिती आणि अक्षरलेखनाला मात्र सरावच लागतो, तिथे नंदलालांना मधे आणायचं कारण नाही.

११. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी मुलांच्या पुस्तकांकडे कोण वळलं? मराठी कोणी होतं का?

सत्यजित रायांनी १९४४मध्ये ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची, ‘आम आँटिर भेंपू’ची चित्रं केली. सिनेमा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. अनेक दृश्यं आधी त्या पुस्तकासाठी विचारात घेतलेली होती. के. जी. सुब्रमण्यन १९४४च्या सुमाराला कलाभवनात आले आणि पुढे बडोद्याला व शांतिनिकेतनला शिकवत असताना त्यांनी मुलांसाठी स्वतः लिहून-काढून पुस्तकं केली. मोठा चित्रकार, मोठा शिक्षक आणि मुलांचं पुस्तक हा त्रिकोण त्यांनीही जपला.

मराठी म्हणाल तर विनायक मासोजी तिथे शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. धारवाडचे दिनकर कौशिक शांतिनिकेतनात शिकले, पुढे कलाभवनचे प्राचार्य झाले आणि त्यांनी नंदलालांचं चरित्रही लिहिलं.

१२. फैजपूरला ते खरंच आले होते? आमच्या जळगाव जिल्ह्यात हे कोणाला फारसं माहीत नाही.

हो. डिसेंबर १९३६चं फैजपूरचं अधिवेशन हे खेड्यात भरलेलं पहिलं काँग्रेस अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. गांधीजींनी नंदलालांना नगर सजवायला बोलावलं. आपण चित्रकार, बांधकामातलं काय कळतं, असा नंदलालांना संकोच होता. गांधीजींनी तो चालू दिला नाही. बांबू आणि आसपास मिळणारं साहित्य एवढ्यावरच कमानी आणि मंडप उभे राहिले. प्रदर्शनाच्या उद्घाटनात गांधीजींनी वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल या दोघांना जाहीरपणे श्रेय दिलं.

फैजपूरचा हा अनुभव पुढे फेब्रुवारी १९३८च्या गुजरातमधल्या हरिपुरा अधिवेशनात फळाला आला. तिथल्यासाठी नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रफलक केले : ढोलकी वाजवणारा, शिंपी, पिंजारी, कुस्ती खेळणारे, कांडण करणाऱ्या बायका. जाड, वेगाने ओढलेली रेघ आणि मातीचे सपाट रंग. येणारा-जाणारा शेतकरी चालता चालता बघेल, अशी ती लावलेली होती. २०१९मध्ये यातले काही व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात मांडले गेले. मुलांना मी ते ‘सहज पाठ’नंतर लगेच दाखवते, कारण दोन्हीकडची माणसं एकाच गावची वाटतात.

१३. राज्यघटनेतली सगळी चित्रं त्यांनी स्वतः काढली का?

नाही, आणि दरवर्षी २६ जानेवारीला फिरणाऱ्या संदेशांत ही चूक असते. काम नंदलालांच्या देखरेखीखाली, त्यांच्या आराखड्याने, पण विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन झालं. सरनाम्याच्या पानावरची वेलबुट्टी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची. राष्ट्रचिन्हाचं रेखाटन दीनानाथ भार्गवांचं. इंग्रजी मजकुराचं सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादांचं. घटनेच्या भागांच्या सुरुवातीला मोहेंजोदारोच्या वृषभापासून दांडीयात्रेपर्यंत चित्रं आहेत, त्यांत शिवाजी महाराजही आहेत.

विद्यार्थ्यांची नावं सांगण्याने नंदलाल लहान होत नाहीत. शिक्षक म्हणून त्यांनी काय केलं याचा तो पुरावा आहे. शाळेत फलक लावाल तेव्हा ही नावंही लिहा.

१४. आम्हाला बंगाली येत नाही. मग पुस्तक घेऊन काय करायचं?

आधी चित्रं बघा आणि मुलांना विचारा, ‘हा काय करतोय?’ मग अक्षरांकडे या. बंगाली आणि देवनागरी या दोन्ही लिप्या ब्राह्मीतून आल्या आहेत आणि वर्णमालेचा क्रम तोच आहे, अ आ इ ई, क ख ग घ. तिसरीची मुलं स्वतःच जोड्या लावतात. क आणि घ ओळखीचे वाटतात, काही अक्षरं अजिबात वाटत नाहीत. एका तासात मुलांना दुसऱ्या लिपीची भीती राहत नाही.

त्यानंतरचा माझा आवडता पाठ : ‘अ अननसाचा’ बाजूला ठेवायचा आणि मराठी अक्षरांना कामाला लावायचं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘ट’ला पाय मुडपून बसवलं आणि ‘ठ’ला ठेच लागली असं दाखवलं. तिचा तो कागद मी जपून ठेवला आहे.

१५. पुस्तकातल्या काळ्या चित्रांत मुलगी रंग भरते. भरू देऊ का?

पुस्तक तिचं असेल तर भरू द्या. मुलाने हाताळलेलं पुस्तक हेच खरं पुस्तक. पण त्याआधी एकदा शेजारी बसून ‘इथे पांढरं कोणी ठेवलं असेल?’ एवढं विचारा. ज्या पांढऱ्या रेषा कोरून काढल्या आहेत त्या रंगाने बुजल्या की बैलाची मान नाहीशी होते. ते तिला एकदा दिसलं की ती स्वतःच त्या जागा सोडते.

शाळेत रंगवायला म्हणून या चित्रांच्या प्रती वाटणं मात्र मला पटत नाही. त्यापेक्षा कोरा कागद आणि काळा खडू द्या.

१६. मूळ चित्रं कुठे बघायला मिळतील?

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचा सगळ्यात मोठा साठा आहे, सुमारे सात हजार कामांचा. एका वेळी त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो. शांतिनिकेतनात भिंतींवरची कामं आहेत. महाराष्ट्रातून सगळ्यात जवळचं मोठं काम म्हणजे बडोद्याचं कीर्तिमंदिर. सयाजीराव गायकवाडांच्या निमंत्रणावरून नंदलालांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती रंगवल्या : गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. जाण्याआधी आत प्रवेश आहे का, याची चौकशी करा.

१७. शाळेच्या वार्षिक अंकावर किंवा टी-शर्टवर त्यांचं चित्र छापलं तर चालेल?

भारतीय कायद्यात चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. नंदलाल १९६६मध्ये गेले, म्हणजे मुदत ३१ डिसेंबर २०२६पर्यंत. ती संपेपर्यंत अंकावर किंवा विकायच्या वस्तूवर छापायचं तर परवानगी हवी. वर्गात शिकवण्याच्या ओघात चित्र दाखवणं, मुलांनी त्यावरून सराव करणं याला कायद्यात सूट आहे.

इथे एक गुंता आहे. ‘सहज पाठ’चा मजकूर आणि चित्रं यांची मुदत वेगळी. रवींद्रनाथ १९४१मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २००१च्या अखेरीस संपला. म्हणून कविता मोकळी आणि तिच्या शेजारचं चित्र बांधलेलं, अशी स्थिती एकाच पानावर येते. राज्यघटनेच्या चित्रांचं प्रकरण आणखी वेगळं, कारण ते सरकारसाठी केलेलं काम. तिथे हा ६० वर्षांचा हिशेब लावू नका.

१८. आजोबांच्या पेटीत शाईने काढलेलं एक कार्ड सापडलं आहे. नंदलालांचं असेल का? विकता येईल?

असू शकतं. प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे त्यांनी अशी कार्डं मोकळ्या हाताने वाटली. आजोबा शांतिनिकेतनात शिकले होते का, तिथल्या कोणाशी पत्रव्यवहार होता का, हे आधी बघा. कार्डाबरोबरची पत्रं, पाकिटं, टपालाचे शिक्के काहीही टाकू नका. चित्र खरं ठरण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. त्यांच्या नावावर नकली चित्रंही पुष्कळ फिरतात, तेव्हा नुसत्या सहीवर विसंबू नका आणि फोटो बघून किंमत सांगणाऱ्यावर तर मुळीच नको.

नंदलालांची चित्रं सरकारने १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित केली आहेत. भारतात खरेदी-विक्री होऊ शकते. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणूनही नाही.

तोवर कार्ड लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. आम्लविरहित कागदात सपाट ठेवा, कोरड्या जागी. आणि घरात लहान मूल असेल तर ठेवण्याआधी त्याला एकदा दाखवा.